खिळा न ठोकता

किल्ली देताना मंजुलाबेनची एकच अट होती:
भिंतीला खिळा नाही.
"रंग नवो छे," म्हणाल्या, आणि भिंतीवरून हात फिरवला,
विकायला काढलेल्या म्हशीच्या पाठीवर फिरवावा तसा.

दांडिया बाजार, तिसरा मजला, एक खिडकी,
छताला वायरवर लोंबणारा नागडा बल्ब.
पहिल्या रात्री आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो.
कोणीच डोळे मिटले नाहीत.

उत्तरायण नुकतंच सरलेलं.
गच्चीवर, तारांत, कडुलिंबात
कापले गेलेले पतंग, आता कोणाचेच नसलेले.
अकरा गोळा केले.
कामट्या रात्रभर भिजवून वाकवल्या,
कागद मैद्याच्या खळीने चिकटवला,
खळीत चिमूटभर मोरचूद, झुरळांसाठी.
जांभळ्यावर पिवळा चढला तिथे
काहीतरी चहासारखं झालं. फसलं, म्हटलं.
मग बल्ब लावला.
अजूनही माझी नजर आधी त्या चहाकडे जाते.

खिडकीच्या गजांबद्दल अटीत काही नव्हतं.
तिथे सुतळीने आडवी बांधली एक रिकामी फिरकी:
किल्ल्या, छत्री, ओढणी,
आणि रात्री चष्मा.

रावपुऱ्यात मी लोकांचे एक्स-रे काढते.
श्वास घ्या. रोखा. सोडा.
दिवसातून चाळीसदा हेच, आवाज न बदलता.
माझ्याच डाव्या मनगटाची एक फिल्म होती बॅगेत,
चार वर्षांपूर्वीची.
तेव्हा ज्यांनी विचारलं त्यांना सांगितलं,
बाथरूममध्ये घसरले.
ती काढली, ब्लेडने तिच्यात पान कापलं,
हाड जिथे सांधलंय बरोबर तिथे देठ.
मंगळ बाजारातून आणलेला मांजरपाट जमिनीवर अंथरला.
फिल्म ठेवायची, स्पंजाने रंग टिपायचा
(जवळजवळ कोरडाच, नाहीतर कडा फुटतात),
उचलायची, चार बोटं पुढे ठेवायची.
बावन्न पानं झाली.
सदतिसावं उलटं पडलं, देठ आभाळाकडे.
राहू दिलं.
सकाळी वारा आला की पडद्यात
माझं मनगट बावन्न वेळा हलतं, दुखत नाही.

क्लिनिकमध्ये सगळ्यांच्या डब्याच्या पिशव्या निळ्या,
एकाच अॅसिडिटीच्या गोळीची जाहिरात.
माझ्या पिशवीवर ती गोळी आता दिसत नाही.
तिच्यावर चणियावाल्या शिंप्याच्या चिंध्या आहेत, वजनावर घेतलेल्या,
दोन आभले, त्यातला एक तडकलेला,
आणि एक बटण. ते कोणाच्या शर्टाचं, आठवतं.
म्हणून आतून शिवलंय.

फेब्रुवारीत मंजुलाबेन भिंती तपासायला आल्या.
चारही भिंतींवर बोट फिरवलं, कोपरे पाहिले,
कपाटामागेसुद्धा.
मग वर पाहिलं.
"आ तें बनाव्युं?"
बसल्या. पाणी प्यायल्या. काठी पुढे केली.
देरासराबाहेर सगळ्यांच्या काठ्या सारख्याच,
परवा सरलाबेनची घेऊन घरी आले,
बुटकी निघाली, जिन्यात पडले असते.

काच न लावलेली गुलाबी दोरी होती, अर्धी रीळ.
मुठीखाली एक फासा धरून वर वेढे देत गेले,
वेढ्याला वेढा चिकटून, अंगठ्याने दाबत.
शेवटचं टोक फाशातून घालून आत ओढलं.
गाठ दिसत नाही, हाताला लागतही नाही.
बेन दोनदा मूठ आवळून बघत होत्या.
"ढीलुं नहीं थाय?"
नाही होणार, म्हटलं. मनगट टेकवून दाखवलं. डावं.

दुसऱ्या दिवशी दाराशी कागदाची पुडी.
आत एक खिळा, दोन इंची, नवा.
"एक ज!" खालून, जिन्यातून आवाज आला.

आज नववा दिवस.
खिळा फिरकीवर किल्ल्यांजवळ आहे.
टांगण्यासारखं माझ्याकडे काही उरलेलं नाही,
सगळं आपापलं धरून उभं आहे.
तरी कामावरून आले की चप्पल काढायच्या आधी
भिंतीवर बोटाने टकटक करून बघते,
कुठे पोकळ वाजते, कुठे नाही.